पहाटे चारला उठते, सहाला भूक लागते. हा हावरेपणा आहे का?

प्रश्न : मी ४२ वर्षांची असून सोलापूरच्या पूर्व भागात राहते. गेल्या वर्षभरापासून घरीच ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून काही दुकानांना आणि दोन खानावळींना देते. पूर्वी सहाला उठायची, आता पहाटे चारला उठते. यजमान यंत्रमाग कारखान्यातून रात्री दहाला येतात. मग जेवणे, भांडी, ओटा आवरून पाठ टेकायला साडेअकरा होतात. पाण्याचा दिवस असला आणि पाणी रात्री उशिरा आले, तर एकही वाजतो. उठल्याउठल्या भूक नसते, पण सहाच्या सुमारास पोटात आग पडते आणि फुटलेल्या भाकरीचे तुकडे शेंगाचटणीबरोबर तोंडात जात राहतात. अंघोळीआधी खाते म्हणून अंगाला लागते, असे सासूबाई म्हणतात. संध्याकाळी पाचनंतर तर चिवडा, फरसाण, गोड, जे दिसेल त्याकडे हात जातो. वर्षात वजन ६१ किलोवरून ६६ झाले. दोन तास जास्त जागी असते म्हणून मला जास्त अन्न लागते का, की ही नुसती खा-खा आहे? भूक मारावी का? सासूबाई साखरेच्या गोळ्या घेतात आणि अलीकडे त्यांनाही पहाटे भुकेने जाग येते. आम्हा दोघींचे कारण एकच असेल का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पहाटेच्या चारबद्दल विचारले आहे. मला मात्र रात्रीच्या साडेअकराबद्दल बोलायचे आहे, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आकडा तोच आहे आणि तो तुम्ही ओघात लिहून गेला आहात. वर्षापूर्वी तुम्ही साडेअकराला झोपून सहाला उठत होता, म्हणजे साडेसहा तास झोप मिळत होती. आता ती साडेचार तासांवर आली आहे आणि पाण्याच्या रात्री तीन तासांवर. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. भाकरीच्या कामासाठी तुम्ही दिवसाची सुरुवात दोन तास अलीकडे आणली, शेवट मात्र जिथल्या तिथे राहिला.

प्रथम तुमच्या प्रश्नातल्या हिशेबाकडे वळू. तुमच्या वजनाची आणि वयाची स्त्री गाढ झोपेत असतानाही श्वास, हृदय, मेंदू आणि शरीराची ऊब यांसाठी तासाला सुमारे ५० कॅलरी खर्च करते. तीच स्त्री उभ्याने पीठ मळत, भाकरी थापत, तव्यावर उलटत असेल, तर तासाला सव्वाशे ते दीडशे कॅलरी लागतात. म्हणजे झोपेऐवजी कामात गेलेल्या दोन तासांमुळे तुमची खरी गरज दिवसाला दीडशे ते दोनशे कॅलरींनी वाढली आहे. हे उत्तर लिहिताना मी घरातली एक कडक भाकरी काट्यावर ठेवून पाहिली, ती ४५ ग्रॅम भरली. तिच्यात दीडशेच्या आसपास कॅलरी होतात. शेंगाचटणीचा भरलेला एक चमचा १२ ग्रॅम भरला, त्यात साठेक कॅलरी होतात. तेव्हा जास्त अन्न लागते का, याचे उत्तर ‘होय, लागते’ असेच आहे. पण ती वाढ एक भाकरी आणि एक चमचा चटणी एवढीच आहे. हेच दोन तास तुम्ही बसून मोबाइल पाहण्यात घालवले असते, तर अर्धी भाकरीसुद्धा जास्त लागली नसती.

आता वजनाकडे पाहा. वर्षभरात पाच किलो वाढणे म्हणजे, ढोबळमानाने, रोज गरजेपेक्षा शंभरेक कॅलरी जास्त पोटात जाणे. ही बेसुमार खाणाऱ्या माणसाची लक्षणे नव्हेत. एका भाकरीपेक्षाही कमी असलेली ही रक्कम कुणाच्या लक्षात येत नाही, तुमच्याही आली नसती. म्हणून स्वतःसाठी वापरलेला ‘खा-खा’ हा शब्द तुम्ही मागे घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

मग गरज एका भाकरीची असताना भूक दीड-दोन भाकऱ्यांची का लागते? जठरात घ्रेलिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते मेंदूला भुकेची वर्दी देते. याचा शोध जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये लावला. त्याच्या उलट काम करणारे, शरीरातील चरबीच्या पेशींतून निघणारे आणि ‘साठा पुरेसा आहे’ असे मेंदूला कळवणारे लेप्टिन त्याआधी १९९४ मध्ये सापडले होते. शिकागो येथे झालेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या दोहोंना झोपेशी जोडतो. बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास आणि दुसऱ्या खेपेस दोन रात्री दहा तास अंथरुणावर राहू दिले. कमी झोपेनंतर त्यांचे लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले आणि त्यांनी स्वतः नोंदवलेली भूक २४ टक्क्यांनी वाढली. वाढलेली ही भूक प्रामुख्याने गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांसाठी होती, काकडी-मुळ्यासाठी नव्हती. त्यांच्या जागी तुमचा फरसाणाचा डबा ठेवून पाहा. संप्रेरकांचे हे आकडे नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत असेच आले, असे नाही. परंतु झोप तोडली की माणसे जास्त खातात, ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे.

तुमच्या प्रश्नाला अगदी लागू पडणारा प्रयोग २०१३ साली अमेरिकेतील कोलोरॅडो येथून प्रसिद्ध झाला. सोळा जणांना पाच दिवस रोज पाचच तास झोपू दिले आणि समोर हवे तेवढे अन्न ठेवले. जास्त वेळ जागे राहिल्याने त्यांचा खर्च खरोखरच वाढला, पण तो पाचेक टक्क्यांनीच; खाणे मात्र त्याहून बरेच जास्त झाले आणि त्यातला मोठा वाटा रात्रीच्या जेवणानंतरच्या चरण्याचा होता. पाच दिवसांत त्यांचे वजन सरासरीने पाऊण किलोहून जास्त वाढले. जागरणाचा खर्च शरीर मागून घेते, हे रास्तच आहे. अडचण अशी की ते झालेल्या खर्चापेक्षा जास्त मागते, आणि मागणाऱ्याला तो फरक आतून जाणवत नाही.

संध्याकाळी पाचनंतरच्या खाण्याबद्दल तुम्ही लिहिले आहे, त्याला आणखी एक कारण आहे. आपल्या शरीरातल्या घड्याळाप्रमाणे भूक दिवसभर सारखी नसते. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा मुद्दाम फिरवून केलेल्या एका अभ्यासात, माणसे केव्हा जेवली आणि किती वेळ जागी होती हे बाजूला काढल्यानंतरही, भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त असल्याचे आढळले. संध्याकाळची भूक ही अशी सर्वांनाच असते. पण संध्याकाळी पाच वाजता तुमच्या शेजारणीला जागे होऊन अकरा तास झालेले असतात, तुम्हाला तेरा. शिवाय तिची रात्र सहा-सात तासांची असते आणि तुमची साडेचार तासांची. या स्थितीत फरसाणाचा डबा समोर असताना हात आवरला नाही, म्हणून मनोनिग्रह कमी आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. डबा वरच्या फळीवर ठेवा, एवढे मात्र अवश्य करा.

भूक मारावी का, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. सहाची भूक खरी आहे. दोन तास उभ्याने काम झालेले असते, तव्याची धग अंगावर घेतलेली असते. आणि रोज त्याच वेळी खाल्ल्यामुळे शरीरानेही ती वेळ आता पाठ केली आहे, कारण नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी घ्रेलिन आपोआप चढू लागते. ती भूक दाबून ठेवली, तर संध्याकाळी ती दामदुपटीने वसूल होईल. प्रश्न खाण्याच्या पद्धतीचा आहे. भाकरी वाळवताना मोडते, मोडलेली विकता येत नाही, वाया घालवणे जिवावर येते, म्हणून तुकडा तोंडात जातो. पुढची मोडली की पुढचा तुकडा. हात पिठाचे आहेत, लक्ष तव्यावर आहे आणि दोन घासांच्या मध्ये पाच मिनिटे गेलेली आहेत, अशा खाण्याची पोटाला दाद लागत नाही आणि हिशेबही राहत नाही. मोडक्या भाकऱ्या दिवसभर एका डब्यात टाकत जा. सहा वाजता गॅस बंद करा, पाटावर नाही तर खुर्चीवर, पण बसा, आणि ताटलीत दोन कडक भाकऱ्यांइतके तुकडे घेऊन त्यांच्यासोबत मटकीची उसळ, घट्ट वरण, दही किंवा चालत असेल तर उकडलेले अंडे घ्या. आदल्या दिवशीचे हुलग्याचे माडगे उरले असेल, तर त्याहून चांगले काही नाही. शेंगाचटणी एक चमचा असू द्या. ती सोलापूरच्या माणसाला सोडायला सांगण्याइतकी मी कठोर नाही, पण नुसती भाकरी-चटणी खाल्ली की कॅलरी भरतात आणि प्रथिने मात्र जेमतेम मिळतात, म्हणून दोन तासांत पुन्हा भूक डोके वर काढते. पंधरा मिनिटांची ही बैठक कामातून वजा होते, असे तुम्हाला वाटेल. सध्या तुकडे खाण्यात तेवढा वेळ तसाही जातोच.

अंघोळीआधी खाल्ल्याने अंगाला लागते, असे शरीरशास्त्रात काही नाही. पण हा घरातल्या रीतीचा भाग आहे आणि त्यावरून सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही. उठल्यावर लगेच अंघोळ उरकून मग पीठ मळायला घेतले, तर तुमचीही मरगळ जाईल आणि तो विषयही संपेल.

चहाबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, पण पहाटे चारला उठून तव्यापुढे उभी राहणारी बाई चहाशिवाय राहत असेल, यावर माझा विश्वास नाही. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तरी नुसत्या साखरेच्या दोनशे कॅलरी होतात. साखर निम्म्यावर आणली, तर वर मोजलेली रोजची शंभर कॅलरींची वाढ तिथेच निघून जाते. पहाटेचा पहिला कप तर कमी गोडाचाच हवा: रात्री झोपेच्या वेळी स्रवणारे मेलाटोनिन चार वाजता रक्तात अजून भरपूर असते आणि ते असेपर्यंत शरीर साखर नीट हाताळू शकत नाही. खारी-बिस्किटे त्या वेळी टाळावीत, याचे कारणही हेच. दिवसाचा शेवटचा चहा दुपारी तीनच्या आत घ्या. चहातले कॅफिन शरीरातून निम्मे कमी व्हायलाच पाचेक तास लागतात, त्यामुळे सहाच्या चहातले निम्मे कॅफिन रात्री अकरालाही शिल्लक असते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना घामावाटे बरेच पाणी जाते, तेव्हा कामाच्या जागी तांब्या भरून ठेवा आणि दुपारी मीठ घातलेले ताक घ्या. ‘भूक लागली की पाणी प्या’ हा उपदेश मात्र मी करणार नाही; पाण्याने तहान भागते, भूक नव्हे.

राहिले साडेअकरा, आणि खरी कसोटी तिथेच आहे. माझे आजोबा गिरणीत पहिल्या पाळीला जात. पहाटेच्या भोंग्याच्या आधी ते उठत आणि लोक त्यांच्या पहाटे उठण्याचे कौतुक करत. पण ते दिवेलागणीला जेवून आठ-साडेआठलाच अंगणात बाजेवर आडवे होत, याचे कौतुक केलेले मी कधी ऐकले नाही. भोंगे बंद झाले, दिवेलागणीची जेवणेही गेली. तुमच्या घरात आठला झोपणे शक्य नाही, हे मला कळते. यजमान दहाला येतात आणि ते एकटे जेवत असताना आपण झोपून जावे, हे तुमच्या मनाला पटणार नाही. तरीही तुमचे जेवण साडेसातला, मुलाबाळांबरोबर आणि सासूबाईंबरोबर होऊन जाऊ द्या. दहाला यजमानांच्या ताटाशेजारी बसा, बोला, हवे तर वाटीभर ताक घ्या, आणि भांडी सकाळच्या कामात ढकला किंवा, माझे ऐकाल तर, दुसऱ्या कुणाकडे सोपवा. ज्या घरात एक माणूस पहाटे चारला उठून घरासाठी कमावतो, त्या घरात रात्रीची भांडी त्याच माणसाच्या वाट्याला का यावीत, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेले नाही. दहा वाजून पस्तीस मिनिटांनी दिवा बंद झाला, तरी तुमच्या पदरात जवळजवळ एक तास पडतो.

एका तासाने काय होते, असे वाटेल. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, रोज साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या ८० जाडसर स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांना झोपेच्या सवयींविषयी सल्ला दिला गेला. आहाराबद्दल एक शब्दही सांगितला नाही. त्यांची झोप सरासरी सव्वा तासाच्या आसपास वाढली, आणि झोप न वाढवलेल्या गटाच्या तुलनेत ते दिवसाला सुमारे २७० कॅलरी कमी खाऊ लागले. कुणीही त्यांना उपाशी ठेवले नव्हते.

उरलेली झोप दुपारी वसूल करा. भाकऱ्या पोचवून, अकरा-साडेअकराला दुपारचे जेवण उरकून (तोपर्यंत तुम्हाला उठून सात तास झालेले असतात, त्यामुळे ही वेळ लवकरची नव्हे) एकच्या सुमारास आडव्या व्हा. वीस-तीस मिनिटांची डुलकी किंवा मग दीड तासाची पुरती झोप घ्या. मधेच, गाढ झोपेतून उठले तर डोके जड होते. तीननंतर मात्र झोपू नका, नाही तर रात्री साडेदहाला डोळा लागणार नाही. दुपारी झोपणाऱ्या बाईला आपल्याकडे आळशी म्हणतात, पण तुमची दुपार ही इतरांची संध्याकाळ आहे. रात्री पाण्याची पाळी असेल त्या दिवशी ही दुपारची झोप चुकवूच नका. शक्य असेल तेव्हा पाणी भरायचे काम त्या रात्री यजमानांनी किंवा मोठ्या मुलाने करावे, आणि ते जमणार नसेल तर दुसऱ्या दिवसाची भाकऱ्यांची ऑर्डर थोडी कमी घ्यावी. सुट्टीच्या दिवशी एक तास जास्त झोपायला हरकत नाही. आठ वाजेपर्यंत लोळलात, तर त्या रात्री झोप उशिरा येईल आणि दुसऱ्या दिवशीचे चार वाजणे आणखी जड जाईल.

सासूबाईंचे कारण आणि तुमचे कारण एक समजू नका. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांनी, विशेषतः रात्रीचे जेवण कमी झाले असेल तर, पहाटे रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते, आणि भूक लागून जाग येणे हे तिचे एक लक्षण आहे. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्यासोबतची लक्षणे आहेत. अशी जाग आली की ग्लुकोमीटरवर साखर पाहा. ती ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना कळवा. यंत्र हाताशी नसेल आणि ही लक्षणे दिसत असतील, तर मोजण्याची वाट न पाहता साखर द्या. त्या बेशुद्धीकडे झुकत असतील, तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा. हे काम तुमच्या झोपेच्या वेळापत्रकाआधी, याच आठवड्यात करा. गोळ्यांची मात्रा आपल्या मनाने मात्र बदलू नका.

तुम्हीही एकदा उपाशीपोटीची साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. बेचाळिशीत पाच किलो वाढण्याला थायरॉइडची साथ असू शकते आणि रक्त कमी असेल तर थकव्याचा सगळा दोष झोपेवर टाकणे चुकीचे ठरेल. झोपेत मोठ्याने घोरता किंवा श्वास अडकून दचकून उठता, असे यजमान म्हणत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या आजारात सात तास झोपूनही झोप पुरत नाही.

पाणी कोणत्या दिवशी आले, याची खूण तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर करत असालच. त्याच चौकोनात सहा आठवडे दोन गोष्टी आणखी लिहा: रात्री दिवा किती वाजता बंद केला आणि दुसऱ्या संध्याकाळी पाच ते आठमध्ये काय काय खाल्ले. वजन आठवड्यातून एकदाच, एका ठरावीक वारी करा. पाण्याची खूण असलेल्या चौकोनांत फरसाण किती वेळा येते, ते मला पाहायचे आहे. सहा आठवड्यांनी ती पाने पत्रासोबत पाठवा.